शाहीर आणि त्याचे झीलकरी



गणपतीचे दहा दिवस असोत, शिवजयंती असो, आंबेडकर जयंती असो किंवा गावच्या वाचनालयाची वार्षिक कार्यक्रममाला असो. मंडळी यादी करायला बसली म्हणजे त्यात एक संध्याकाळ शाहिरासाठी राखलेली असते. एक दिवस कीर्तन, एक दिवस व्याख्यान, एक दिवस शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम आणि एक दिवस पोवाडा. ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की पोवाडा चालतो कसा आणि त्याला लागते काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. शाहिराला निरोप जातो, तारीख ठरते, बिदागीचे बोलणे होते. आणि मग हिशेबाची वही पुढे ओढून कोणीतरी विचारतो, ‘‘शाहीर एकटेच येतील ना? बरोबर चार माणसं आली म्हणजे जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च वाढतो.’’

प्रश्न साधा, व्यवहाराचा दिसतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. मंडळाचे पैसे वाचावेत एवढाच त्याचा हेतू. पण या प्रश्नाचे आपण काय उत्तर देतो, त्यावर त्या रात्री गावाला पोवाडा ऐकायला मिळणार की एका माणसाचे गाणे, हे ठरते. म्हणून आज शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या त्या चार माणसांविषयी थोडे बोलू.

आधी शब्दाकडे पाहू. ‘पवाडा’ हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. ज्ञानेश्वरीत तो पराक्रम, थोरवी अशा अर्थाने येतो. पुढे पराक्रमाच्या गाण्यालाच पोवाडा म्हणू लागले. ‘शाहीर’ हा शब्द मात्र अरबीतल्या ‘शाइर’वरून, म्हणजे कवी या अर्थाच्या शब्दावरून आला. एक शब्द संतांच्या वाणीतला, दुसरा परदेशातून आलेला. दोघे मराठी मातीत असे मिसळून गेले की आज त्यांना वेगळे काढता येत नाही.

आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत फार जुना म्हणून ज्याचा मान आहे, तो अफझलखानाच्या वधाचा. प्रतापगडाच्या पायथ्याची ती घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. पोवाडा रचणारा अगिनदास. काही जण त्याला अज्ञानदास असेही म्हणतात. या पोवाड्यात शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे काय, तर शाहिराची कदर करण्याची चाल आपल्याकडे पोवाड्याइतकीच जुनी आहे. त्यानंतर तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली सिंहगड घेतला, त्यावरचा तुळशीदासाचा पोवाडा. पुढे पेशवाईत संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ, होनाजी अशी शाहिरांची मोठी फळीच उभी राहिली. १७९५ साली खर्ड्याची लढाई झाली, तिच्यावर अनंत फंदीने पोवाडा रचला.

आता ध्यानात घ्या, हे सगळे ऐकण्यासाठी रचलेले होते. ऐकणारा माणूस दिवसभर राबून आलेला. त्याच्या हातात पुस्तक नाही. निसटलेली ओळ मागे जाऊन पुन्हा वाचण्याची सोय नाही. समोर शेदोनशे माणसे, मध्ये पोरे रडताहेत, कुत्री भुंकताहेत, वाऱ्याने मशाल फरफरते आहे, आणि ध्वनिक्षेपक तर तेव्हा नव्हताच. अशा ठिकाणी एका माणसाने तासदीड तास कथा सांगायची, आणि ती शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला पहिल्याच खेपेला कळली पाहिजे. पोवाड्याची सगळी घडण या एका अडचणीतून झाली आहे, असे म्हटले तरी चालेल.

म्हणून शाहीर वरच्या पट्टीत गातो. हौस म्हणून नव्हे. वरचा आवाज लांब जातो. म्हणून त्याच्या गाण्यात ताना-आलापांना फारशी जागा नसते. शब्द आधी, सूर मागून. म्हणून ओळींच्या शेवटी यमके ठोकून बसवलेली असतात. एक ओळ ऐकली की पुढच्या ओळीचा शेवट कानाला आधीच कळतो. आणि म्हणूनच हाती डफ असतो. लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे ताणून बसवले की डफ झाला. छातीशी धरून त्यावर थाप मारली की आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, आवाज बसतो; मग शाहीर गाण्याआधी डफ विस्तवावर धरून शेकतो. गणपतीच्या दिवसांत तर हे नेहमीचेच. हल्ली कातड्याऐवजी कृत्रिम पडदा बसवलेले डफही मिळतात, त्यांना विस्तव लागत नाही. पण शाहीर डफ शेकताना दिसला तर ‘‘सुरू करायला किती उशीर!’’ असे म्हणू नका. पखवाजवाल्याला सूर मिळवायला आपण वेळ देतोच की नाही?

डफाबरोबर तुणतुणे. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, तळाला कातडे, बाजूला बसवलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत एकच तार. पाहायला अगदी किरकोळ वाद्य. पण शाहिराचा सूर घसरू न देण्याचे काम ही एक तार रात्रभर करीत असते. तिसरी झांज. ती लय राखते. आता शाहिराच्या हाती डफ आहे, त्याला दोनच हात आहेत. मग तुणतुणे आणि झांज वाजवणार कोण? येथेच आपले झीलकरी येतात.

झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागून उचललेला सूर. शाहीर ओळ टाकतो आणि तिचा शेवट मागची माणसे उचलून ‘जी जी’ करीत वर नेतात. ती झील धरणारे ते झीलकरी. आपल्याला वाटते, ही साथीची माणसे. मागे उभी राहून ‘जी जी’ म्हणतात, त्यात काय मोठेसे? पण नीट पाहिले तर त्या ‘जी जी’त चार कामे होत असतात.

पहिले काम दमाचे. खुल्या मैदानात, वरच्या पट्टीत, उभ्याने, हातवारे करीत तासभर गाणे ही छातीची परीक्षा आहे. झीलकरी सूर धरून असतात तेवढ्यात शाहीर दम घेतो. ती दोन क्षणांची विश्रांती त्याला मिळाली नाही, तर अर्ध्या तासात आवाज फाटतो, नाहीतर तो पोवाडा उरकू लागतो.

दुसरे काम आठवणीचे. शेकडो ओळी तोंडपाठ म्हणायच्या. झील चालू असताना शाहीर पुढची ओळ मनात आणतो. समोरची माणसे कशी आहेत, लढाईचे वर्णन वाढवावे की आटोपते घ्यावे, एखाद्या जागी गावाचे नाव गुंफावे का, हेही तो त्याच वेळात ठरवतो.

तिसरे काम आपले, म्हणजे ऐकणाऱ्यांचे. ओळीचा शेवटचा तुकडा झीलकऱ्यांनी पुन्हा म्हटला की ज्याचे लक्ष चुकले होते त्याच्याही कानी तो पडतो. शाळेत मास्तर महत्त्वाचे वाक्य दोनदा सांगतात, तसेच हे. शिवाय ऐकलेले मनात मुरायला थोडा अवकाश मिळतो. कथा धावत सुटत नाही. एकेक पायरी चढत जाते.

चौथे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘जी’ हा होकार आहे. थोरामोठ्याने काही सांगितले की आपण ‘जी’ म्हणतो. म्हणजे ऐकले, पटले, पुढे सांगा. शाहीर पराक्रमाची गोष्ट सांगतो आणि मागून चार कंठ म्हणतात, ‘जी!’ शाहिराचे सांगणे आता एकट्याचे राहत नाही. त्याला साक्ष मिळते. शाहीर हा सांगणारा आणि झीलकरी हे समाजाच्या वतीने हुंकार देणारे. आजीने गोष्ट सांगताना नातवाने ‘हूं’ म्हणावे लागते. ‘हूं’ थांबले की आजी विचारते, ‘‘झोपलास का रे?’’ आणि गोष्ट बंद करते. पोवाड्याचे तसेच आहे. हुंकार देणारा नसेल तर सांगणारा सांगणार कोणाला?

आपल्या बाकीच्या लोककलांकडे पाहा. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात. गोंधळ्याच्या जोडीला संबळ, तुणतुणे वाजवणारे आणि प्रश्न विचारणारे साथीदार असतात. भारुडातही एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी धरायचे. एकट्याने गाऊन बाकीच्यांनी मुकाट ऐकायचे, ही आपल्या खेड्यांतली रीत नव्हेच.

तेव्हा पोवाडा ऐकायला बसाल तर या गोष्टी ओळखण्याचा प्रयत्न करा. आरंभी नमन किंवा मुजरा असतो. देवाला, गुरूला आणि जमलेल्या सभेला. मग विषय सांगितला जातो. पुढे पोवाडा चौकाचौकाने चालतो. एकेका चौकात प्रसंगाचा एकेक टप्पा. चौकाचौकांच्या मध्ये शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलतो आणि तिथेच त्याचे वक्तृत्व दिसते. लढाई ऐन रंगात आली की लय चढते, शब्दांवर शब्द आदळतात, डफ कडाडतो, आणि मग एकदम झील येऊन सगळे सावरून घेते. शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो, पुष्कळदा गुरूचेही. छापखाना नसताना आपली रचना आपल्या नावावर ठेवण्याची ती मोहोर होती.

मोहोरेत नाव शाहिराचे येते, झीलकऱ्याचे येत नाही. जुन्या काळीही येत नव्हते. पण पोवाडे टिकले ते अशा निनावी कंठांमुळेच. इंग्रजी अमदानीत अ‍ॅक्वर्थ नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापला. पुढे १८९४ साली अ‍ॅक्वर्थसाहेबांनी निवडक पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. यशवंत नरसिंह केळकर यांनी १९२८ पासून ऐतिहासिक पोवाड्यांचे संपादन करून मोठे काम केले. पण या विद्वानांच्या हाती पोवाडे येईपर्यंत मधली दीडदोनशे वर्षे ते सांभाळले कोणी? गोंधळ्यांनी आणि गावोगावच्या गाणाऱ्यांनी, तोंडातोंडी. आज मागे उभा राहून झील धरणारा पोरगा उद्या पुढे येऊन डफ धरतो. शाहिरीची शाळा ती हीच. तिथे फळा नाही, खडू नाही. ऐकायचे, मागून म्हणायचे, आणि म्हणता म्हणता पाठ करायचे. मागची माणसे आपण कमी केली म्हणजे शाळेची पहिली इयत्ताच बंद केली.

पुढच्या काळात पोवाड्याचे विषय बदलले. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि महाराजांकडे रयतेच्या बाजूने पाहिले. १९४३ साली अण्णा भाऊ साठे यांनी तर थेट रशियातल्या स्तालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला. वाटेगावच्या माणसाने दूरदेशच्या कामकऱ्यांची झुंज मराठी डफावर सांगितली आणि ती मुंबईच्या गिरणगावाला आपली वाटली. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. नाव पाहा, कलापथक! अमर शेखांचा आवाज पहाडी, हजारोंची सभा एकट्याने भारून टाकील असा. पण तेही पथकातूनच गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदाने गाजवली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ पासून आपले राज्यगीत आहे. ते ऐकताना साबळ्यांच्या आवाजामागच्या समूहाकडे एकदा मुद्दाम कान द्या, आणि तो समूह काढून टाकला तर काय उरेल याची कल्पना करून पाहा.

आता आजच्या अडचणीकडे येऊ. हल्ली पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रित साथ लावून शाहीर एकटा गातो. यंत्रातून ढोलकी वाजते, यंत्रातून झील येते. कार्यक्रम स्वस्तात होतो आणि वेळेवर संपतो. यात शाहिराला दोष देऊ नका. चार माणसांची बिदागी मिळत नसेल तर तो बिचारा काय करणार? आणि यंत्राचे आपल्याला वावडे आहे असेही नव्हे. ध्वनिक्षेपकाने शाहिराचा घसा वाचवला, आकाशवाणीने त्याचा आवाज घरोघर नेला. पण मुद्रित झिलीला एक गोष्ट येत नाही. शाहिराने ऐन वेळी चौक वाढवला तर ती थांबत नाही. त्याला खोकला आला तर सावरून घेत नाही. समोरच्या माणसांना हसू आले म्हणून शाहीर क्षणभर रेंगाळला तर ती त्याच्यासाठी रेंगाळत नाही. मग शाहिरालाच यंत्राच्या चालीने चालावे लागते. रोज तोच पोवाडा, तेवढ्याच मिनिटांचा, तसाच. सांगणे जाते आणि म्हणणे उरते.

तर मग करायचे काय? मोठे काही नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी पाच गोष्टी कराव्यात. पहिली, निमंत्रण शाहिराला न देता शाहीर आणि साथीदार अशा सगळ्या संचाला द्यावे. दुसरी, बिदागी बोलताना साथीदारांचा वाटा आधीच मोकळेपणी विचारून घ्यावा. तिसरी, जाहिरातीच्या फलकावर शाहिराच्या नावाखाली साथीदारांचीही नावे लिहावीत. त्याला रंगाचे चार फटकारे जास्त लागतील, एवढेच. चौथी, सत्काराचा नारळ आणि शाल देताना मागच्या माणसांना विसरू नये. पाचवी, पोवाड्याला वीस मिनिटांच्या खोड्यात घालू नये. भाषणे थोडी कमी करून त्याला निदान तासभर द्यावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आणखी एक सुचवावेसे वाटते. शाहीर गावात येणार असेल तर आठ दिवस आधी त्याच्याकडून पोवाड्याचे ध्रुवपद मागवून घ्या आणि पाचसहा मुलामुलींकडून ते बसवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी शाहिराच्या परवानगीने ती मुले झीलकऱ्यांच्या शेजारी उभी राहू द्या. सूर थोडा इकडेतिकडे होईल; होऊ द्या. जे पोर एकदा हजार माणसांपुढे ‘जी जी’ म्हणून आले, ते पोवाडा जन्मात विसरणार नाही, आणि इतिहासाच्या तासाला त्याचे कान आपोआप टवकारतील.

इतिहासाचा विषय निघाला म्हणून एक खबरदारी सांगतो. पोवाडा म्हणजे पुरावा नव्हे. तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपड लावून कडा चढल्याची गोष्ट आहे; कृष्णाजी अनंत सभासदाच्या १६९४ च्या सुमाराच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढून गेले असे वर्णन आहे, तिथे घोरपड नाही. मुलांपुढे दोन्ही ठेवा. ‘‘खोटं आहे, सोडून द्या’’ असेही म्हणू नका आणि ‘‘असंच घडलं’’ असेही म्हणू नका. काय घडले ते कागदपत्रांवरून शोधायचे. आणि जे घडले ते लोकांना कसे वाटले, कोणत्या गोष्टीला त्यांनी ‘जी’ म्हटले, ते पोवाड्यावरून समजून घ्यायचे. दोन्ही ज्ञानच आहे, फक्त दोन्हींची जागा वेगळी.

शेवटी ऐकणाऱ्यांविषयी एक शब्द. झीलकरी हे सभेच्या वतीने हुंकार देतात, असे वर म्हटले. पण सभा स्वतःच हुंकार देणारी असेल तर शाहिराला आणखी काय हवे? दोनतीन चौक झाले की ध्रुवपद सगळ्यांच्या ओठी येते. तेव्हा संकोच करू नका. शाहिराने हात वर केला की तो तुमच्यासाठीच असतो. भसाडा आवाज असला तरी चालतो. मैदानात सगळे आवाज एकमेकांना झाकून घेतात.

येत्या हंगामात तुमच्या गावी यादी करायला मंडळी बसतील. वही पुढे येईल आणि तो खर्चाचा प्रश्न पुन्हा निघेल. तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी एकाने शांतपणे एवढेच सांगावे : ‘‘माणसं कमी करू नका. फार तर एक कमान कमी लावू.’’